रणगाड्यांच्या बाजूने

४ नोव्हेंबर १९५६
हंगेरीत, बुडापेस्टमध्ये रणगाडे! रशियाचे — म्हणजे आपलेच! रेडिओ तीनदा ऐकला. ओल्वेन चहा ओतता ओतता थांबली. "एम्रिस, कामगारांच्या राज्यात कामगारांवर तोफा?" बायकोवर खेकसलो. खोट्या बातम्या म्हणालो.

७ नोव्हेंबर
युनियनच्या हॉलमध्ये बोललो. शाखेचा सेक्रेटरी मी, चोवीस वर्षं कम्युनिस्ट — साऱ्या साउथ वेल्समध्ये आमचीच कोळशाची खाण सगळ्यात लाल. बोलावंच लागलं. "हंगेरीत बंड करणारे कामगार नव्हेत, जमीनदारांचे भाडोत्री गुंड आहेत!" टाळ्या.
ओल्वेननं माझं ताट टेबलावर ठेवलं नि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन जेवली.

२० फेब्रुवारी १९५७
हंगेरीतून पळून आलेल्या खाणकामगारांना आमच्या खाणीत घ्यायचं, असं वरून, सरकारकडून आलंय. शाखेची संमती हवी.

२३ फेब्रुवारी
त्यांच्यातला एक थेट दारात! लोरिंत्स नाव, चाळिशीचा. कपाळावर कोळशाची धूळ शिरून निळा पडलेला व्रण — माझ्या कपाळावर आहे तसाच.
"सेक्रेटरी, मला काम पाहिजे." तोडकंमोडकं इंग्रजी बोलतो. टेबलावर दोन कार्डं ठेवली. एक युनियनचं. दुसरं कम्युनिस्ट पक्षाचं!
त्यांच्या खाणीच्या संप समितीचा हा अध्यक्ष. धाकटा भाऊ रणगाड्याखाली गेला. हे त्यानं मान खाली घालून सांगितलं, ओल्वेननं दिलेला मनुक्यांचा पाव हातात तसाच.
कुणाला गुंड म्हणालो मी?

३ मार्च
सभा. उभा राहिलो. "घेऊ या त्यांना. ते आपल्यासारखेच आहेत. नोव्हेंबरात मी चुकलो."
मागून कुणीतरी — "गुंड म्हणाला होतास ना, सेक्रेटरी? आता जावई झाले होय रे?"
हशा! सगळे हसले. हंगेरियनांच्या बाजूनं हात वर झाले सात. बाकी सगळा हॉल विरोधात. कामाला घ्यायचं नाही.
माणसं वाईट नाहीत. मीच शिकवलं त्यांना.

९ मार्च
लोरिंत्स कॅनडाला निघाला. स्टेशनवर गाठलं, सगळं ओकून टाकलं — ते भाषण माझं होतं.
"ठाऊक आहे. तुझ्या दारात आलो तेव्हाही ठाऊक होतं."
"मग आलास कशाला?"
गाडीत चढता चढता म्हणाला, "चार वर्षांमागं बर्लिनमध्ये संपकऱ्यांवर रशियाचेच रणगाडे गेले. तेव्हा आमच्या खाणीत तेच भाषण मी केलं होतं, कॉम्रेड."