कोरड्या दिवशी बघायची गाडी

पोरिरुआ,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आता ते लोहचुंबकाचं पुराण पुरे करा, अप्पा. गेल्या दोन्ही चिठ्ठ्यांत तेच. गाडी कोरड्या दिवशी बघ, पत्र्यावर लोहचुंबक फिरव, आतली मॅट उचल, समुद्राकाठची घेऊ नको. मी काय अजून नववीत तुमच्या गॅरेजातून पळालेला पोरगा आहे? म्हणजे पळालो होतो, पण त्याला किती वर्षं झाली.

गाडी घेतली. दसऱ्यालाच. तुमच्या पसंतीचीही बघितली होती. दक्षिणेच्या कोरड्या गावातली, एकाच मालकाची, पण रंग खरवसासारखा आणि सीटा कापडाच्या. मी घेतली ती जर्मन, चाळीस वर्षांची, गडद निळी, चामड्याच्या सीटा, समोर लाकडाची पट्टी. अगदी तुमच्या शेठच्या गाडीसारखी. मालक खाडीकाठी राहतो. गंज अजिबात नाही, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास, असं स्वतः म्हणाला. पाऊस होता खरा, पण दसरा काय पावसासाठी थांबतो? आणि पावसात काय चमकत होती! नारळ फोडला तर शेजारीण धावत आली, कोणाला लागलं का बघायला.

तुमच्या दोघांच्या डिसेंबरच्या तिकिटांसाठी साठवलेले साडेसहा हजार डॉलर त्यात गेले. ओरडू नका. टायरच्या दुकानात शनिवार-रविवारीही जातो, भरून काढतो. अहो, घेतली कोणासाठी? मी सात वर्षांचा होतो. शेठची गाडी तुम्ही तीन आठवडे ठोकून, रंगवून उभी केलीत, आणि त्याने आपल्याला घरी सोडलं तेव्हा तुम्ही सीटवर पेपर टाकून टोकावर बसलात. त्याने टाकायला लावला असणार. ते डोळ्यांपुढून जात नाही. विमानतळावरून तुम्हाला याच गाडीतून आणणार, मस्त टेकून बसवून.

तिचं वॉरंट, म्हणजे इथली तपासणी, पुढच्या महिन्यात आहे. होईल पास.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून या चिठ्ठीचाही फोटो वल्लरीताईला पाठवतोय. आईला नमस्कार. रागवा, पण माया कमी करू नका.

तुमचा
शुभंकर


भोसरी,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. शुभंकर यास अनेक आशीर्वाद.

वल्लरीने पत्र मोठ्या अक्षरात छापून आणलं. तिकिटांचं वाचल्यावर तुझ्या आईने भरायला काढलेली बॅग परत माळ्यावर टाकायला लावली. तीन वर्षांत तुला बघितलं नाही, एवढंच ताईजवळ म्हणाली.

पेपर शेठनी टाकायला लावला नव्हता. ते नको म्हणत होते. मीच टाकला. त्या गाडीचा तळ गंजून पापडासारखा झाला होता. नवीन पत्रा घालायचे पैसे ते देईनात. मी भोकांवर पुट्टी भरली, घासली, वर रंग मारला. इतकं गुळगुळीत काम की दुकानातले बघायला आले. आत काय आहे ते मलाच माहीत. म्हणून टेकून बसवेना.

दिवाळीत शेठनी ती एका शाळामास्तरांना विकली. सहा महिन्यांनी मास्तर आपल्या दारात आले. बायकोचा पाय तळातून खाली गेला होता, घोट्याला टाके. मी मोरीत जाऊन उभा राहिलो. तुझ्या आईने सांगितलं, घरी नाहीत. मास्तर आवाज न चढवता गेले. ते आता नसतील, नाहीतर गेलो असतो.

ओली गाडी कोणाचीही नवीच दिसते. पुसून, फडक्यात लोहचुंबक गुंडाळून फिरव. सुटलं तिथे पत्रा नाही, माझ्यासारख्या कोणाचा तरी हात आहे. माझ्याकडे दोन महिने हातोडी धरलीस आणि पळालास, तेवढ्यात हे तरी शिकला असतास.

जेवत जा. तुझ्यावर जीव आहे, म्हणून लिहितो.

जनार्दन


पोरिरुआ,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

सुटलं. मागच्या चाकावर, दोन्ही दारांखाली. मॅट उचलली तर खाली ओल, आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर थेट रस्ता दिसला. वॉरंट मिळालं नाही. पत्रा बदलायचे नऊ हजार सांगतात.

खोटं बोलत नाही. तुमचं पत्र खिशात असताना मी पुट्टीचा डबा आणला. एक बाजू भरलीसुद्धा. दोन महिन्यांत तेवढं शिकलो होतो, अप्पा.

गाडी विकायला काढली. गेल्या रविवारी संध्याकाळी इथल्या जवळच्या बेटांवरची एक सामोअन नर्स वडिलांना घेऊन बघायला आली. म्हातारबाबा मागे बसले, पाय लांब केले, टेकले आणि डोळेच मिटले. ती म्हणाली, पाच हजार देते, वॉरंटचं मी बघीन. पाच हजारांत तुमची तिकिटं जवळजवळ परत आली असती. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मग खिशातलं लोहचुंबक तिच्या हातात दिलं आणि मॅट उचलून दाखवली. बाबा उतरायला तयार नव्हते. तिने हाताला धरून उतरवलं.

सीटा, दिवे, लाकडाची पट्टी सुटी विकली. बाकी भंगारवाला घेऊन गेला. ती खरवसाच्या रंगाची परवा सिग्नलला दिसली. कोरडी, ठणठणीत. कोणीतरी शहाण्याने घेतली.

डिसेंबर जमणार नाही. माझ्यामुळे. आईला सांगा, बॅग माळ्यावर नको, पलंगाखाली ठेवा. आणि तुम्ही मास्तरांच्या घरी एकदा जाऊन या. ते नसले तरी घरचं कोणी असेल.

मला मनातून काढू नका.

तुमचा
शुभंकर

ता. क. गाडीचे म्हणून जे हातात आले ते सगळे पाठवतोय, तिकिटांसाठी बाजूला ठेवा: अकराशे ऐंशी डॉलर.