धुळीतला मराठी श

नागपूर, ३ नोव्हेंबर २०२३

ती. भागीरथाआत्या हिला स्नेहलचा प्रभूत सलाम, वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मला सातवा महिना लागला आहे. रूपेश परत येणार नाही, हे मी आता मान्य केलंय. लग्नाआधी जे झालं ते पाप होतं, हेही मान्य; दहा आज्ञा मी तुझ्याच मांडीवर बसून पाठ केल्या आहेत. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि आई-बाबा गेल्यापासून तुझं घर हेच माझं माहेर. येऊ का? तुझ्या लिंबाच्या लोणच्याचे डोहाळे लागलेत, तेवढी तरी दया कर.

लोभ आटला नसेल तर कळव.
स्नेहल

मरोदा, भिलाई, ११ नोव्हेंबर

चि. स्नेहल हिस आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला. शरीर देवाचं मंदिर आहे असं तुला शिकवलं, आणि तू काय केलंस! घरच्या बायबलात जन्मांच्या पानावर तुझं नाव होतं. रविवारी चर्चमधून आल्यावर मी ते खोडलं. बायबलातल्या, व्यभिचारात धरून दगडमार करायला आणलेल्या त्या बाईला प्रभूने आधी बजावलं, की पुन्हा पाप करू नकोस. मगच तिला सोडलं.

एक विचित्र प्रकार घडतोय. कारखान्याची काळी धूळ इथे रोज टेबलावर बसते, तुला माहीतच आहे. नाव खोडलं त्याच्या दुसऱ्या सकाळपासून बायबलाशेजारी त्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहितंय. आधी नुसती रेघ होती, आता 'रो' झालाय. मी एकटी, दाराला आतून कडी. कामाच्या रुक्माला विचारलं तर म्हणाली, की बाई, मले वाचताबी येत नाही, मी कायले लिहू. मी पुसते, ते परत येतं. मला भीती वाटते.

तू येऊ नकोस.
आत्या

नागपूर, १८ नोव्हेंबर

ती. आत्या, प्रभूत सलाम.

तू घाबरली आहेस हे वाचून माझा राग कुठच्या कुठे गेला. पण रविवारच्या शाळेच्या बाई, तुम्ही उलटं सांगितलंत! प्रभू आधी म्हणाला, की मीही तुला दोषी ठरवत नाही. पुन्हा पाप करू नकोस, हे त्यानंतर. आणि त्याही आधी तो वाकून जमिनीवर बोटाने लिहीत होता. काय, ते कुणालाच ठाऊक नाही. मग म्हणाला, की ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा, आणि लोक दगड टाकून एकेक करून निघून गेले, थोरले सगळ्यांत आधी.

पुसू नकोस. पूर्ण झालं की वाच. माझं मी इथे बघेन.

रागावलीस तरी माझीच असू दे.
स्नेहल

मरोदा, २४ नोव्हेंबर

माझ्या लाडक्या स्नेहलला अनेक आशीर्वाद.

पुसलं नाही. काल पूर्ण झालं: रोशन. मी मोठ्याने वाचलं तर रुक्मा म्हणाली, की रोशन म्हंजे उजेडच ना, मंग तुमी कायले रडून राहिल्या?

रोशन शेजारच्या रुआबांधा वस्तीतला, कारखान्यातला फिटर होता. मी वीस वर्षांची होते. आमचं जे झालं, ते एकट्या माझ्या आईला कळलं. तिने मला न्हाऊ घातलं, गरम जेवण वाढलं, आणि बायबलातल्या माझ्या नावाला हात लावला नाही. चाळीस वर्षं मी ते नाव उच्चारलेलं नाही.

रुक्माने माझा हात धरून दाखवला. उजव्या हाताचं बोट काळं होतं. मी कधी उठते, कधी लिहिते, मला काही आठवत नाही. पण श मराठी वळणाचा होता. मी भिलाईत हिंदी शाळेत शिकले, माझे श आणि ल हिंदी वळणाचे. मराठी श काढायची ती आई, आणि तिला जाऊन बावीस वर्षं झाली.

घरात थोरली मीच, तेव्हा दगड आधी मी खाली टाकते. तुझं नाव परत लिहायचं म्हणून आज सकाळी दौत काढली आणि बायबल उघडलं. खोडलेल्या ओळीखाली ते आधीच लिहिलेलं होतं. स्नेहल. ल मराठी वळणाचा.

माझ्या बोटाला आज धूळ नव्हती, शाई होती.

दुर्ग स्टेशनवर घ्यायला येते. लोणचं काढून ठेवलंय. घरी ये, पोरी.
तुझी आत्या