दार सादची दुपार

म्युनिक,
१९ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. मालिनीवहिनींस श्रीरंगचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, खोकलाही गेला. तुम्ही बोटीने धाडलेली आमसुले आणि मेतकूट पोचले. घरमालकीण फ्राउ ह्यूबर यांनी आमसूल हुंगून ‘हे औषध का?’ म्हणून विचारले. मी ‘या, या’, म्हणजे हो, हो, म्हणून मोकळा झालो, नाहीतर बाईंनी चाखायला मागितले असते. शुभाचा गणितात पहिला नंबर आल्याचे वाचून फार बरे वाटले. ती तुमच्यावर गेली आहे, आम्हा भावांवर नाही.

तुमचे पत्र येऊन सव्वा महिना झाला. प्रबंधाच्या गडबडीत उत्तर राहिले असे लिहिणार होतो, पण ते खोटे आहे. तीनदा लिहिले आणि तीनदा शेगडीत घातले.

इथे सध्या दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. अशा वेळी मला एडनच्या क्रेटर वस्तीतले आपले घर आठवते. ऊन उतरले की तुम्ही गच्चीवर पाणी शिंपायचात, सतरंजी पडायची. स्नेहलतावहिनी शेजारच्या गच्चीवरून सुरमईची तुकडी पाठवायच्या आणि त्यांचे यजमान, दादांच्या ऑफिसातले आत्माराम, मागून ओरडायचे की माझ्या वाटणीची दिली. दादा कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले. दिवसाकाठी दहा वाक्ये बोलत असतील, त्यातली चार बंदरातल्या बोटींची नावे. एडनमध्ये मी जेमतेम दोन वर्षे काढली, आणि घर म्हटले की मला पुणे आठवत नाही, ती गच्ची आठवते.

आता त्या गच्चीवर कोणी बसत नाही असे तुम्ही लिहिलेत. जेवणाच्या सुट्टीत दादा ऑफिसातून निघतात ते थेट पाला चघळण्याच्या बैठकीला. परततात तेव्हा शुभा जेवून झोपलेली असते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अन्नावर वासना नाही, पोट साफ नाही, दात काळवंडलेले. सकाळी कोणी हाक मारली तरी अंगावर येतात, आणि दोनदा ऑफिसातून तंबी मिळाली. यातून माणूस सुटतो का, शास्त्र काय म्हणते, आणि डिसेंबरच्या बोटीने शुभाला घेऊन देवरुखला माहेरी जाऊ का, असे तुम्ही विचारलेत. ‘भाऊजी, ह्यांना त्या आत्मारामने नादी लावलं. त्याला मी गणपतीत दारातून परत पाठवलं’, हेही लिहिलेत. त्या एका वाक्यापाशी माझे पत्र अडत होते.

वहिनी, गेल्या आठवड्यात काय झाले ते सांगतो. आमच्या औषधशास्त्राच्या इन्स्टिट्यूटमध्ये दर मंगळवारी एकाने व्याख्यान द्यायचे असते. मी एडनहून आलेलो, म्हणून प्रोफेसरांनी मला विषय दिला कात. विड्यातला नव्हे, तुम्ही रागाने ज्याला ‘तो पाला’ म्हणता तो. त्यांच्या कपाटात त्याची वाळकी पाने आहेत, पण वाळल्यावर त्यात काही दम राहत नाही. म्हणून केळीच्या पानात गुंडाळून तो ताजा कसा आणतात, त्याच्या लॉरीचा भोंगा वाजला की सगळा बाजार कसा धावतो, माणसे लोडाला टेकून गालात पाला धरून कशी बसतात, ते सगळे मी सांगितले. आधी तरतरी आणि तोंडाला लागलेली धार, मग सूर्य कलताना येणारी उदासी. एक उदाहरणही दिले. बंदरातला कारकून, वय अडतीस, पत्नी आणि एक मुलगी. तुमच्या पत्रातली लक्षणे मी एकेक करून जर्मनमध्ये वाचून दाखवली.

इथे टाळ्या वाजवत नाहीत, बाकांवर बोटांची पेरे आपटतात. बराच वेळ आपटली. मग एका मुलीने विचारले, या माणसाला ती सवय लावली कोणी? मी म्हटले, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. ती ‘गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर’, म्हणाली आणि वहीत लिहून घेतले.

ते खोटे आहे. आत्मारामांनी दादांना कधी पाला दिला नाही. मी दिला.

सत्तावन साली एडनमध्ये पाल्यावर वर्षभरासाठी बंदी आली तेव्हा लोक बस भरभरून हद्दीपलीकडे दार साद गावी जाऊन बसायचे. आमच्या औषधाच्या दुकानातली मंडळी जायची, त्यांच्यात मीही. दादांना कळले आणि एका रविवारी ते मला आणायला आले. दारातून हाक मारून न्यायला हवे होते. पण बूट काढून आत आले, कारण घरधनी म्हातारा होता आणि त्याने उठून सलाम केला. आत आलेल्याला घरधनी आपल्या जुडीतली कोवळी डहाळी स्वतःच्या हाताने देतो. ती नाकारली की त्याचे घर नाकारले. दादांनी माझ्याकडे पाहिले. ते उठून गेले असते तर त्या मंडळींत मला तोंड दाखवायला जागा नव्हती, हे त्यांना कळले. त्यांनी डहाळी घेतली.

तासाभराने दादा बोलू लागले. वहिनी, तसे दादा मी जन्मात पाहिले नव्हते. आमचे वडील गेले त्या दिवसाविषयी बोलले, आईविषयी बोलले. तुम्हाला पाहायला देवरुखला आले तेव्हा कसे घाम फुटून बसले होते ते सांगून हसले. मला वाटले, ही दुपार संपूच नये. अजूनही ती आठवली की मला आधी आनंदच होतो, लाज मागून येते.

शेवटची बस निघाली तेव्हा ते म्हणाले, ‘तू हो पुढे.’ मी घरी आलो. तुम्ही विचारलेत, हे कुठे आहेत? मी म्हटले, बोट उशिरा लागली, ऑफिसात अडकले. तुम्ही मला गरम भाकरी वाढलीत.

इतकेच असते तर तो अपघात म्हणता आला असता. पण पुढच्या रविवारी मीच त्यांना म्हटले, दादा, चला ना. त्यांना बोलताना ऐकायचे होते म्हणून. वर्षभर नेले. मग माझी बोट आली, मी इकडे आलो. इथे पाला मिळत नाही म्हणून माझा सुटला, त्यात माझी काही बहादुरी नाही. बैठकीतल्या माझ्या जागेवर दादा बसू लागले.

आता तुमच्या प्रश्नांना उत्तर. सुटतो. शरीराला दारू-अफूसारखा फार त्रास होत नाही, काही दिवस झोप आणि मरगळ येते, एवढेच. बैठक सोडणे अवघड. डिसेंबरच्या बोटीने जा, वहिनी. शुभाला घेऊन जा. दादांना आज वेगळे पत्र टाकतो आहे, त्यात हेच सगळे आहे आणि मी त्यांना इकडे बोलावले आहे. ते येतील की नाही मला माहीत नाही. त्यांच्यासाठी थांबू नका, आणि माझ्या शब्दासाठी तर मुळीच नका.

निघण्यापूर्वी स्नेहलतावहिनींकडे जा आणि हे पत्र त्यांना वाचायला द्या. आत्मारामांनाही. रागावून तुम्ही मला पुन्हा कधी लिहिले नाहीत तरी तो तुमचा हक्क आहे. शुभाला एवढ्यात काही सांगू नका.

दादा ज्याला आणायला गेले आणि जो एकटाच घरी परतला, तो
श्रीरंग