न ओलांडलेल्यांची मोजणी

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. पत्र धाडावे इतके आपल्यात अंतर नाही. मधला रस्ता चोवीस मीटर रुंद आहे आणि तो मीच आखलेला आहे. तरीही लिहितो आहे, कारण जूनमधल्या त्या फोननंतर पुन्हा फोन करायला मला तोंड राहिलेले नाही. आई ठीक आहे. भूक चांगली आहे, ऐकू मात्र सोयीचे तेवढेच येते.

काल पालिकेत आपल्या रस्त्याची सुनावणी झाली. शिंप्याच्या दुकानासमोर पादचाऱ्यांसाठी सिग्नल लावा आणि दुभाजकात थांबायला जागा करा, अशी रहिवाशांची मागणी होती. रस्ते विभागाचा अभियंता म्हणून उत्तर मला द्यायचे होते. तू म्हणशील, याला फळा आणि खडू दिला की हा जेवणही विसरतो. खरे आहे. पण पुढचे सगळे यावरच उभे आहे, म्हणून नीट समजावून सांगतो.

सिग्नल हवा की नको, हे आम्ही मोजून ठरवतो. खांबावर कॅमेरा लावतो. मग चित्रफितीवर रस्त्याच्या मधोमध एक रेघ आखायची. ती जो पार करील तो एक पादचारी. तासाला साठ भरले तर सिग्नल. दिवसभराची फीत बसून पाहणे शक्य नसते, म्हणून ती आठपट वेगाने पळवतो. या पद्धतीत खोट नाही, असे मी परवापर्यंत शपथेवर सांगितले असते. आमचा आकडा आला अकरा.

सभागृहात मी तक्ते लावले, फीत पळवली, लोकांना अकरा माणसे मोजून दाखवली. किराणा मालाचे ठोक व्यापारी मागून म्हणाले, "अकरा जणांसाठी सिग्नल लावलात, तर उद्या कुत्र्यामांजरांसाठीही मागतील." सगळे हसले. मीही हसलो, हे लपवत नाही.

शिंपी मात्र उठून उभा राहिला. गळ्यात टेप तसाच होता. "साहेब, अकरा ते साडेअकराचा भाग जरा माणसाच्या चालीनं दाखवा की. तुमच्या फितीत सगळेच शर्यतीला निघालेत."

मी वेग कमी केला. सांगायचे तर आनंदानेच केला. शंका विचारणारा श्रोता मला नेहमीच आवडतो.

पडद्यावर कडेला एक बाई उभी होती. हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिने पाऊल खाली टाकले आणि वर घेतले. थोड्या वेळाने पुन्हा टाकले, पुन्हा घेतले. असे चार वेळा. मग पिशवी कोपरावर सरकवून ती शिंप्याच्या बाकावर बसली, आणि शेवटी आली तशी परत गेली. एकोणीस मिनिटे. आठपट वेगात ती खांबाच्या सावलीसारखी दिसली होती.

पिशवी आईने जुन्या पडद्याची शिवलेली होती, निळ्या चौकड्यांची.

अध्यक्षांनी विचारले, "या बाई तुमच्या तक्त्यात कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हणालो. "ज्यांनी रेघ ओलांडली नाही, ते आम्ही मोजत नाही."

ताई, हे वाक्य मी वीस वर्षे वर्गात शिकवावे तसे सांगत आलो आहे. काल ते माझ्याच कानांवर पडले. मी अहवाल मागे घेतो, एवढेच म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमचाच अहवाल आहे." म्हटले, म्हणूनच.

जिन्यात शिंप्याने मला गाठले. "त्या बाई दर बुधवारी अकराला येतात, साहेब. मी म्हटलं, तक्रार करा. तर म्हणाल्या, रस्ता भावानं बांधलाय हो, चारचौघांत त्याला नावं कशी ठेवू?"

भाऊ कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले. तो गळ्यातला टेप काढून त्याची गुंडाळी करत राहिला.

तिथून मी थेट तुझ्या बाजूच्या कडेला जाऊन उभा राहिलो, घड्याळ घेऊन. रस्ता खुला होऊन दहा महिने झाले. या काळात मी तो गाडीतूनच पाहिला. तुझ्याकडेही आलो नाही, ते वेगळेच. काठीच्या चालीने चोवीस मीटरला चौतीस सेकंद लागतात. दोन वाहनांमधली सर्वांत मोठी फट मला मिळाली, ती नऊ सेकंदांची. तासभर उभा होतो.

जूनमध्ये मी तुला म्हणालो होतो, "रस्ता ओलांडायला पाच महिने लागत असतील, तर यापुढे फोनही करू नकोस." तू "बरं, ठेवते" म्हणालीस. खरे कारण मीच तुला टोमणा म्हणून ऐकवले, आणि तू ते मला परत सांगितले नाहीस.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्याच ओळीत यायला हवी होती. बुधवार हा आईचे केस धुण्याचा तुझा वार. आई अजूनही दर बुधवारी खांद्यावर टॉवेल घेऊन बारापर्यंत बसते. सांभाळणाऱ्या बाईंच्याने केसांतला गुंता निघेना, म्हणून ऑगस्टमध्ये मी आईचे केस कापून घेतले. "ताई आता येत नाही, तिला वेळ नाही," असे आईला सांगितले. ती म्हणाली, "रागावली असेल." मी नाही म्हटले नाही.

सिग्नलचे खोटे आश्वासन देत नाही. नवी मोजणी होईल, तीत उभे राहून परत जाणारेही मोजले जातील, आणि लवकरात लवकर म्हटले तरी तीन महिने लागतील.

हे पत्र शिंप्याकडे ठेवतो आहे. उद्या बाकावर बसलीस की तो देईल. वाचून झाले की मान वर कर. मी समोर उभा असेन. तू पाऊल खाली टाकू नकोस, मी येतो. मग दोघे मिळून निघू, आणि वाहने थांबेपर्यंत थांबू. केस आता थोडेच आहेत, पण टॉवेल खांद्यावर असेल.

समोरच्या कडेवरून,
तुझा धाकटा