भाताचा नवस

नाशिक,
ता. ९ सप्टेंबर २०२४

ती. सौ. आईंना,
यशश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा आवाज आला की मी भलतंच काहीतरी बोलत बसते आणि खरं ते पोटातच राहतं. म्हणून कागद घेतला. रागावू नका.

आई, मी आणि हर्षलने ठरवलंय, बाळासाठीचे उपचार आता बंद. गेल्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा तेच म्हणाल्या, दोघांतही दोष दिसत नाही, अजून एकदा करून पाहू. रिक्षात बसल्यावर मी हर्षलला म्हटलं, मला नाही जमणार. पोटावर सुया, मग वाट पाहणं, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडणं. तर हा म्हणतो, वर्षभर मलाही हेच सांगायचं होतं. अस्सा राग आला त्याचा! दुसऱ्या दिवशी कंपनीला दांडी मारून पठ्ठ्या माझ्यासोबत दुपारपर्यंत झोपला.

काळजी उरली ती तुमची. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत भात खाणार नाही, असा नवस तुम्ही बोललात. इगतपुरीत राहून, आपल्या खाचरातला इंद्रायणी सगळ्यांना वाढायचा आणि स्वतः भाकरी मोडायची! खरं सांगते, शेवटच्या खेपेला मी बाळासाठी नाही, तुमच्या भातासाठी दवाखान्यात गेले. आता मीच थांबले तर तुमच्या नवसाचं काय? मला माफ कराल ना?

नानांना नमस्कार. लोभ आहेच, तो यामुळे कमी होऊ देऊ नका.

आपली,
यशश्री


इगतपुरी,
ता. १४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. यशश्रीस,
कुसाबाईचे लय लय आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आगं येडे, माफी कसली मागती? वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. मला कधीचा नवस सोडायचा व्हता. पण म्हणलं, मी भात खाल्ला तर पोरीला वाटल, सासूनं आशा सोडली. तुझ्यापायी मी भात धरला नाय, आन् माझ्यापायी तू सुया सोडल्या नाय. लयच शहाण्या गं आपण दोघी!

तुझे सासरे तर इतकी वर्सं माझ्याकडं पाठ करून भात खायचे, चोरावानी.

काल देवीला जाऊन आले. नारळ फोडला, म्हणलं, माय, माझं मागणं मी मागं घेते. रागवायचं तर माझ्यावर रागव, पोरीला काय करू नको. घरी येऊन भात टाकला. पयल्या घासाला रडू आलं, खोटं कशाला सांगू? नातवंड पायजे व्हतं गं मला. मंग वरणात मीठ नाय म्हणून ह्यांच्यावरच खेकसले आन् पुन्यांदा वाढून घेतला.

तेवढ्यात शेजारची सरुबाई दारात! माझ्या ताटात भात बघून इचारती, सुनंला दिवस गेले का? म्हणलं, नाय, आन् आता वाटबी नाय पाहायची. मंग नवस कसा फिटला म्हणली. म्हणलं, मागितलं ते नाय मिळालं, पण घरात हाय ती पोरगी वाचली. फिटला माझा नवस.

पुढच्या रविवारी दोघं या. माया हाय तशीच असू दे.

तुझी आई,
कुसाबाई