कोपरावरचा निळा डाग

प्रिय ताई,

पाकीट फोडलंस की तू आधी शेवटचं पान वाचणार, हे मला ठाऊक आहे. गोष्टींच्या पुस्तकांचंही तू तसंच करतेस. या वेळी तेवढं करू नकोस. माझ्या फोटो स्टुडिओचं शटर ओढून घरी जा, चष्मा लाव आणि पहिल्यापासून वाच. फोन करता आला असता, पण फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू ‘बरं’ म्हणून मोकळी होतेस आणि मग चार दिवस गप्प बसतेस. इथे परक्या देशात, गेस्ट हाउसमध्ये खालच्या खोलीत आपल्याकडचंच एक जोडपं उतरलंय. त्यांचं बाळ त्यांना मिळालं, उद्या ते निघतील आणि हे पत्र तुझ्या हातात देतील. आम्ही रविवारी पोचतो आहोत.

आम्ही म्हणजे तिघं. परवा कोर्टात सह्या झाल्या आणि मुलगी दत्तक म्हणून कागदोपत्री आमची झाली. हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण माझं तुला माहीतच आहे, आनंदाची बातमीसुद्धा मी कुठून चोरून आणल्यासारखी सांगते. लिफ्टवाले (लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माझ्या नवऱ्याला तू ठेवलेलं हे नाव आता इथल्या दुभाषी मुलीच्याही तोंडी बसलंय) सही करताना इतके रडले की न्यायाधीशबाईंनी स्वतःचा रुमाल पुढे केला. मी रडले नाही. मुलगी आम्हा दोघांच्या मधल्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती आणि दाराकडे बघत होती. ती दाराकडे का बघते, तेच सांगायचंय.

अनाथ मुलांच्या संस्थेत पहिल्या दिवशी आम्हाला एका लांबट खोलीत बसवलं. भिंतीवर माझ्या गुडघ्याच्या उंचीला हुकांची रांग, आणि पोरांना अक्षरं येत नाहीत म्हणून प्रत्येक हुकावर एकेक चित्र. कुणाचा मासा, कुणाची किल्ली. हिच्या हुकावर छत्री होती, म्हणून लिफ्टवाल्यांनी तिथल्या तिथे तिचं नाव छत्रीबाई ठेवलं. साडेचार वर्षांची, केस बारीक कापलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. छातीशी आपण पाठवलेला अल्बम, कोपरे पार झिजलेले. तिने लिफ्टवाल्यांकडे पाहिलं, अल्बममध्ये त्यांचा फोटो शोधला, पडताळून पाहिला आणि सरळ जाऊन त्यांच्या बुटावर बसली. मग माझ्याकडे पाहिलं. एक पान उलटलं, परत पाहिलं, आणखी एक उलटलं. शेवटी उठून दारापाशी गेली आणि बाहेरच्या बोळात डोकावून आली. मला वाटलं, लाजतेय.

चौथ्या दिवशी तिला आमच्याकडे गेस्ट हाउसवर पाठवलं. दहा दिवस आमच्यासोबत राहायचं, निरीक्षक बाई एक दिवसाआड येऊन पाहणार, आणि मुलीला आमचा लळा लागतोय असा त्यांचा अहवाल गेला तरच कोर्ट परवानगी देणार, असा इथला नियम. ताई, पोर इतकी शहाण्यासारखी वागत होती की बघणाऱ्याला वाटावं, यांचं जमलं. हात धुवायचे म्हटलं की दोन्ही हात पुढे. बटणं लावताना हनुवटी वर. अंडं सोलून दिलं की मान लववून घ्यायची आणि माझ्याकडे पाठ करून खायची. लिफ्टवाल्यांशी मात्र धिंगाणा. इथली लिफ्ट बंद पडलेली होती, आणि बंद लिफ्ट बघून आपला माणूस गप्प बसतो होय? दोन दिवसांत तिची पेटी उघडून बसला, आणि छत्रीबाई शेजारी मुठीत स्क्रू सांभाळत. पण पाच वाजले की सगळं टाकून ती बूट घालायची आणि अल्बम मांडीवर घेऊन दारासमोर बसायची. पहिल्या पानावर तुझा फोटो आहे बघ, तिचा पलंग रंगवतानाचा. तुझ्या पिवळ्या स्वेटरच्या कोपराला निळा रंग लागलाय. त्या डागावर बोट ठेवून ती वाट बघत राहायची.

सहाव्या दिवशी मी दुभाषी मुलीला खोदून विचारलं. तिने आधी सर्दीने घसा बसल्याचं निमित्त करून पाहिलं, मग सांगून टाकलं. संस्थेत भेटायला येणारे पाचच्या सुमारास येतात. आणि तिथली सांभाळणारी बाई आठ महिने रोज पहिलं पान उघडून मुलीला सांगत आली की ही तुझी आई, पिवळा स्वेटर घालते, एक दिवस तुला न्यायला येईल. त्या बिचारीचा काय दोष? पहिल्या पानावर एक बाई आणि शेजारी लिफ्टवाले, कुणीही तेच समजेल. पुढे अल्बमभर तूच आहेस. खिडकीत तू, ओट्यापाशी तू, तिच्या खोलीचा पडदा शिवताना तू. मी कुठेच नाही. छत्रीबाईच्या हिशेबाने मी तिला आईपर्यंत पोचवायला नेमलेली कामाची बाई आहे, आणि कामाच्या बायांशी नीट वागायचं हे तिला संस्थेत चांगलं शिकवलंय.

जन्मभर लोकांचे फोटो काढणारीचा स्वतःचा एक फोटो नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं लिफ्टवाले म्हणाले. अल्बम पाठवतानाही मी त्यांना हेच सांगितलं होतं, की माझा फोटोच नाही. तुलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं, ताई.

एक होता. पलंग रंगवला त्याच दुपारी लिफ्टवाल्यांनी माझ्या हातातून कॅमेरा ओढून आपल्या दोघींचा काढला होता. तू माझ्या केसांना लागलेला रंग पुसते आहेस. तो हलला, वाया गेला, असं मी तुम्हा दोघांना सांगितलं, पण स्टुडिओत मोठा करून पाहिला. रोज पासपोर्टच्या फोटोंवरचे मुरूम आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसते मी, चेहऱ्यावरचं काय पुसता येतं आणि काय नाही ते मला कळतं. त्या फोटोत तू कुणाची तरी वाट बघत होतीस. माझा चेहरा मात्र, दार वाजलं तर उघडू की नको, अशा विचारात पडलेल्या बाईचा होता. दोन मुलं पोटातच गेली, तेव्हा प्रत्येक वेळी तू माझ्या उशाशी होतीस, पण हे मी तुलाही बोलले नाही. मला मूल हवंय की मूल नसल्याची सवय झालीय, हेच मला उमगेनासं झालं होतं. तो चेहरा मुलीला पाठवायचा? तिथल्या कचेरीतल्या लोकांनी पाहिला तर? मी तो फोटो काढून घेतला आणि सगळीकडे तुझे लावले. आई गेल्यापासून माझी वेणी तू घातलीस, शाळेच्या डब्याचं झाकण तू लावलंस. आईचा चेहरा कसा असतो असं मला कुणी विचारलं असतं, तर मीही तुझ्याकडेच बोट दाखवलं असतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आठव्या दिवशी लिफ्टच्या जाळीच्या दारात तिचं बोट चेमटलं. निरीक्षक बाई समोरच उभ्या होत्या. मी हात पसरून धावले. ती माझ्या हाताखालून निसटली, लिफ्टवाल्यांनाही ओलांडून खोलीत गेली, अल्बम उघडला आणि तुझ्या फोटोवर गाल टेकून रडली. निरीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ही बाई कोण म्हणून विचारलं. माझी बहीण, मी म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की अल्बम दृष्टीआड करा, आणि घरी गेल्यावर निदान सहा महिने बहिणीला मुलीसमोर येऊ देऊ नका. ती विसरेल, मुलं विसरतात. नाही जमलं तर मात्र त्यांना अहवालात तसं लिहावं लागेल. स्वतःचा चेहरा बघूनही मूल हवं की नको ते न कळणाऱ्या तुझ्या बहिणीला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं, की ही मुलगी परत संस्थेत गेली तर मी जगू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी अल्बम कपाटावर ठेवला. पाच वाजता तिने बूट घातले. खोलीभर नजर फिरवली. रडेल, आदळआपट करेल म्हणून मी तयारीत होते. तिने तसलं काही केलं नाही. बूट काढले, पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलले, आणि माझ्यासमोर येऊन हात धुवायला पुढे केले. तिने वाट बघणं सोडून दिलं होतं, आणि ते कसं सोडायचं हे तिला आधीपासून येत होतं. अर्ध्या तासात मी अल्बम खाली काढला.

आपल्या दोघींचा तो फोटो फाडायचं धाडस मला झालं नव्हतं, तो माझ्या पर्समध्येच होता. मी तो शेवटच्या रिकाम्या पानात सरकवला आणि तिच्यापुढे धरला. तिने कितीतरी वेळ पाहिलं. आधी तुझ्या कोपरावरच्या डागावर बोट ठेवलं, मग फोटोतल्या माझ्या तोंडावर, मग माझ्या खऱ्या गालावर, चांगलं खुपेल असं. तेव्हापासून ती माझ्याकडे पाठ करून खात नाही. जिना उतरताना माझी करंगळी धरते, पुरा हात अजून देत नाही. निरीक्षक बाईंनी ती करंगळी पाहिली आणि अहवाल चांगला दिला. पण ती करंगळी मी तुझी कुणीतरी आहे म्हणून धरलेली आहे, हे मला कळतं. मला तुझा हेवा वाटतो, ताई. लिहूनच टाकते, म्हणजे मनात कुजणार नाही. ज्या बहिणीने मला वाढवलं तिचा फोटो एका संध्याकाळी मी रागाने पालथा घातला. छत्रीबाईने येऊन तो मुकाट्याने सरळ केला. ‘मी तुझी आई’ हे वाक्य मी दुभाषी मुलीकडून हिच्या भाषेत शिकून घेतलंय. रोज म्हणते. ती नीट ऐकून घेते, मान लववते आणि दाराकडे बघते.

तर आता पत्राचं कारण. निरीक्षक बाई म्हणतात तू येऊ नकोस, लिफ्टवाल्यांनाही तेच बरं वाटतं, आणि मी लिहायला बसले तेही तेच कळवायला. दोन कागद फाडले. ताई, तू ये. रविवारी विमानतळाच्या बाहेरच्या दारात तो पिवळा स्वेटर घालून उभी राहा. भर उन्हाळ्यात स्वेटर बघून लोक हसतील, हसू देत. ती तुझ्याकडे धावेल. तिला उचल, पोटभर जवळ घे, घाई करू नकोस. मी मागे सामानापाशी थांबेन आणि कॅमेरा बाहेर काढणार नाही. मग तिचा हात माझ्या हातात दे आणि तिच्या भाषेत एकच वाक्य म्हण, ‘ही तुझी आई.’ सोबतच्या चिठ्ठीवर ते आपल्या अक्षरांत लिहून दिलंय, आरशासमोर पाठ कर. माझ्या तोंडून ते तिला पटत नाही, तुझ्या तोंडून पटेल. आणि मग तू तुझ्या घरी जा. तू शिवलेल्या पडद्याच्या खोलीत ती झोपेल, तू रंगवलेल्या पलंगावर, आणि तू शेजारच्या इमारतीत असूनही यायचं नाहीस, ती मला आई म्हणून हाक मारेपर्यंत. सहा महिने लागतील, कदाचित जास्तही. मी काय मागते आहे ते मला समजतं, म्हणूनच फोनवर मागितलं नाही. तू ‘बरं’ म्हणशीलच. फक्त चारचौघांत नेटकं दिसावं म्हणून स्वेटर घासून धुशील, तुझी सवय मला माहीत आहे. तेवढं करू नकोस. ती आधी कोपर बघेल.

तुझीच,
तू वाढवलेली धाकटी