हात मिळवायची रांग

पाइन क्रॉसिंग, आयोवा
१३ जुलै १९८७

चि. मर्ल यास,
अ. उ. आ.

शनिवारचा पोरांचा बेसबॉलचा अंतिम सामना जिंकल्याबद्दल तुमच्या नॉर्डबीच्या संघाचं अभिनंदन. हरलो तरी आमचं मन मोठं आहे, आणि धाकट्या भावाला जिंकू द्यायची मला जुनी सवय आहे.

यंदाचा मोसम मजेत गेला. घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि सूर्यफुलाच्या बिया घेऊन आपण म्हातारेच नातवंडांपेक्षा जास्त ओरडलो. तुझ्या बायकोचा, लव्हॉनचा, बसलेला आवाज सुटला का? माझ्या नातीनं, टेसानं, मात्र कॅचरचा मुखवटा पलंगाखाली ढकललाय, बाहेर काढत नाही.

मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू घरात असून आला नाहीस. बरं नाही का?

तुझी,
आर्डिसताई

नॉर्डबी
१९ जुलै

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची हिंमत होईना, म्हणून लिहितोय. त्या दिवशी नेहमीचा पंच गवताचे भारे बांधण्यात अडकला आणि रिवाजाप्रमाणे प्रेक्षकांतल्या एका आजोबाला उभं केलं. तो मी.

शेवटच्या डावात धावा बरोबरीत होत्या. माझा नातू ब्रेंट विजयाच्या धावेसाठी तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे सुटला. त्याचा पाय प्लेटला लागायच्या आधी टेसानं हातमोज्यातला चेंडू त्याच्या घोट्याला टेकवला. मी हातभर अंतरावर होतो. तो आउट होता, ताई. मला दिसलं, आणि मी दोन्ही हात पसरून त्याला सेफ, नाबाद दिला.

हात आपोआप पसरले, असं आठवडाभर मनाला समजावून पाहिलं. खोटं आहे ते. नातवाचा धुळीनं माखलेला चेहरा पाहिला आणि मी ठरवून दिला. टेसानं वाद घातला नाही, मुखवटा वर करून नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर खेळलेली पोर ती.

त्यावर कडी म्हणजे चर्चमध्ये, बियाण्याच्या दुकानात, चार माणसं दिसतील तिथं मी ती धाव मीठमसाला लावून सांगितली. ब्रेंट खाली बुटांकडे बघत उभा राहायचा. मला वाटायचं, लाजतोय. त्याला मिळालेला छोटा चषकही त्यानं घरी नेला नाही, आजोबा तुमच्याकडेच राहू दे म्हणाला. तेव्हा मला कोण आनंद झाला होता. आता तो फ्रिजवर आहे, आणि सकाळी दूध काढताना मी मान वर करत नाही.

सदुसष्ट वर्षांचा झालो आणि दहा वर्षांच्या मुलीला फसवलं. फार लाज वाटते. चारचौघांत कबूल करायची तयारी आहे, पण मग ब्रेंटला कळेल आणि मी त्याच्या मनातून उतरेन. तेवढं धाडस होत नाही. काय करू, तूच सांग.

पूर्वीइतकाच लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. उरला असेल तेवढा ठेव.

तुझा,
मर्ल

पाइन क्रॉसिंग
२२ जुलै

चि. मर्ल यास,
अ. उ. आ.

मला राग आलाय, पण आजचा नाही. माझ्या खुर्चीवरूनही तो घोटा दिसला होता. गेल्या पत्रातली थट्टा तू आपण होऊन बोलावंस म्हणून होती. तुझं तोंड लहानपणापासून उशिराच उघडतं.

आता नीट वाच. सामन्यानंतर पोरं रांगेनं एकमेकांना हात मिळवत, छान खेळलात असं पुटपुटत पुढं सरकतात ना, तेव्हा ब्रेंट टेसापाशी थांबला होता. तिला म्हणाला, की तू मला आउट केलं होतंस, चेंडू लागलेला मला कळला. मग त्यानं तिला विनवलं, की हे आमच्या आजोबांना सांगू नकोस, त्यांना दिसलं नसणार, कळलं तर त्यांना फार वाईट वाटेल. टेसानं परवा मला शपथ घालून हे सांगितलं. तुझ्यासाठी मी ती मोडतेय.

तेव्हा आपण आउट होतो हे त्याला कळेल, ही भीती सोड. त्याला फक्त एवढंच ठाऊक नाही की तुलाही दिसलं होतं. ते त्याला तूच सांगायचंस, आणि माझ्या टेसालाही.

रविवारी ब्रेंटला आणि त्या चषकाला घेऊन जेवायला ये. मी मका उकडते. लोभ आहे, म्हणूनच तुझं पत्र टेसाला वाचायला दिलेलं नाही.

तुझी,
आर्डिसताई